मागची दोन की चारही? ट्रॅकवरच्या स्पोर्ट्स कारचा जुना वाद

गोव्यातल्या साखळीच्या आसपासच्या खाणपट्ट्यात टिप्पर चालवलेल्या कुणालाही एक गोष्ट शिकवावी लागत नाही. खनिजाने भरलेला टिप्पर चढ नेटाने चढतो. तोच टिप्पर रिकामा असेल आणि रस्त्यावर लाल चिखल असेल, तर मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. इंजिन तेच, टायर तेच, चढही तोच. बदलतो तो मागच्या अॅक्सलवरचा भार. ज्या चाकाला ताकद जाते त्याच्यावर वजन किती दाबते, यावर पकड ठरते. स्पोर्ट्स कारला ट्रॅकवर ऑल-व्हील ड्राइव्ह बरी की रिअर-व्हील ड्राइव्ह, हा वाद इथूनच सुरू होतो. शंभर वर्षांहून अधिक काळ तो चालू आहे आणि अलीकडे विजेच्या मोटारींनी त्याला नवे वळण दिले आहे.

गोव्यात मोटारींच्या शर्यतीसाठी कायमचा ट्रॅक नाही. तरी इथे वेगवान गाड्यांची आवड कमी नाही, आणि चाकांच्या पकडीची परीक्षा घेणारा पाऊस तर भरपूर आहे. वाळपई-सत्तरीकडचा पट्टा गोव्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी आहे. साखळीहून पर्ये, केरी करत चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्यांना ओल्या डांबराचा स्वभाव चांगलाच माहीत असतो. 2014 पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी चिखलातली स्पर्धा गोव्यात भर पावसाळ्यात होऊ लागली, तिथे चारही चाकांना ताकद असल्याशिवाय कुणी उतरतच नाही. म्हणून आपल्याकडे एक समज सहज रुजतो, की चार चाके ओढणारी गाडी सगळीकडेच सरस. रस्त्यावर आणि चिखलात तो बराचसा खरा आहे. ट्रॅकवर मात्र हिशेब वेगळा लागतो, आणि तो नीट मांडला तर अर्धा वाद तिथेच मिटतो.

समजा, गाडी 1500 किलोची आहे, इंजिन 400 हॉर्सपॉवरचे, आणि उभी असताना वजन पुढे-मागे निम्मे-निम्मे. कोरड्या ट्रॅकवर चांगल्या टायरची पकड भाराच्या 1.1 पट धरू. वेग घेताना वजन मागे सरकते. साधारण स्पोर्ट्स कारमध्ये ते मागच्या चाकांवर 62 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी जास्तीत जास्त 0.68 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 0.68 पट, इतका प्रवेग घेऊ शकते. चारही चाकांना योग्य प्रमाणात ताकद मिळाली तर हाच आकडा 1.1 जी. फरक प्रचंड दिसतो. पण इंजिनाला तेवढा प्रवेग कुठवर देता येतो? वेग वाढतो तसा त्याच ताकदीतून मिळणारा जोर कमी होत जातो. हवेचा विरोध आणि गिअरबॉक्समधली गळती सोडून दिली, तर 400 हॉर्सपॉवरचे हे इंजिन ताशी 107 किलोमीटरच्या पुढे 0.68 जी इतका जोरही देऊ शकत नाही. तिथून पुढे सरळ रेषेत मागची दोन चाके पुरेशी असतात. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट, डिफरन्शियल, क्लच हे सगळे तिथे निव्वळ वजन होते.

इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे असलेल्या पोर्शे 911ला हाच हिशेब लावून पाहा. तिचे सुमारे 62 टक्के वजन उभ्यानेच मागे असते; वेग घेताना ते तीन चतुर्थांशाच्या वर जाते. आपल्या काल्पनिक 400 हॉर्सपॉवरच्या गाडीचे वजन असे वाटले, तर ताशी 107ची सीमा 87वर उतरते. पोर्शेने रस्त्यावर वापरायची 911 टर्बो चारही चाकांवर आणि ट्रॅकसाठीची 911 जीटी3 मागच्या दोन चाकांवर ठेवली आहे, त्यामागचे मोठे कारण हे आहे. वजनाचा हिशेबही याच घरचा घ्या. 992 पिढीची साधी कॅरेरा 1505 किलोची, तर कॅरेरा 4 ही 1555 किलोची. हे 50 किलो प्रत्येक ब्रेकिंगला थांबवावे लागतात आणि प्रत्येक वळणात वळवावे लागतात.

आता याच कागदावर पाऊस पाडू. टायरची पकड 1.1वरून 0.6वर आली, तर मागच्या चाकांची गाडी जेमतेम एक तृतीयांश जी प्रवेग घेते, चारही चाकांची 0.6. आणि इंजिनाची ताकद टायरच्या पकडीपेक्षा कमी पडायला लागते ती ताशी 107ला नव्हे, तर 200च्याही पुढे. म्हणजे ओल्या ट्रॅकवर जवळपास प्रत्येक वळणातून बाहेर पडताना आणि पुढच्या सरळीच्या मोठ्या भागात चार चाके मदत करत राहतात. माझ्या मते या वादाचा गाभा हाच आहे. कुठली रचना वेगवान, असा प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. पकड किती, वेग किती आणि इंजिन किती ताकदीचे, हे तीन आकडे आधी सांगावे लागतात.

यात वळणाची भर घालायला हवी, कारण ट्रॅक सरळ नसतो. टायरकडे पकडीचा एकच साठा असतो. त्यातला काही भाग गाडी वळवायला खर्च झाला, की वेग वाढवायला किंवा ब्रेक लावायला उरलेलाच मिळतो. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये कामाची वाटणी स्वच्छ असते. पुढची चाके दिशा सांभाळतात, मागची ढकलतात. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या टायरवर तिन्ही कामे येतात: ब्रेकचा मोठा वाटा, वळवणे आणि वर ओढणेही. वळणात लवकर थ्रॉटल दिला तर गाडीचे नाक बाहेर जाऊ लागते, ज्याला अंडरस्टिअर म्हणतात. आपल्या ट्रॅकवरच्या उन्हात पुढचे टायर आधी तापतात आणि आधी झिजतात. उलट रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये घाई केली तर मागचा भाग सुटतो, म्हणजे ओव्हरस्टिअर. तो सावरता आला तर त्याचाच उपयोग गाडी वळवायला करता येतो. नाही आला तर गाडी फिरते.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे, म्हणून तो वेगळा सांगतो. चारही चाकांना ताकद असल्याने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ओल्या रस्त्यावर ऑल-व्हील ड्राइव्ह पटकन वेग घेते, त्यामुळे चालकाला पकड भरपूर आहे असे वाटते, आणि पुढच्या वळणाला ब्रेक दाबल्यावर तो आभास तुटतो. घाटात पावसात चालवणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

इतिहासात या रचनेचा पहिला मोठा विजय पावसाचाच होता. ट्रॅक्टरमुळे आपल्या शेतकऱ्यांनाही परिचित असलेल्या हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीने फर्ग्युसन पी99 ही चार चाकांवर चालणारी फॉर्म्युला वन गाडी बनवली. 23 सप्टेंबर 1961 रोजी इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कच्या गोल्ड कपमध्ये स्टर्लिंग मॉस यांनी ती ओलसर ट्रॅकवर जिंकून दाखवली. जागतिक अजिंक्यपदासाठी त्या शर्यतीचे गुण धरले जात नव्हते, पण फॉर्म्युला वनच्या गाडीने चार चाकांवर मिळवलेला तो एकमेव विजय राहिला. हीच गाडी पुढे 1964 मध्ये पीटर वेस्टबरी यांनी ब्रिटनच्या हिलक्लाइम्ब अजिंक्यपदापर्यंत नेली. अरुंद डोंगरी रस्ता, थांबलेल्या स्थितीतून सुटणे, मंद वळणे: वरच्या हिशेबात चार चाकांना जे जे सोयीचे, ते सगळे तिथे होते.

1969 साली लोटस, मात्रा आणि मॅक्लारेन या तिघांनी एकाच मोसमात चार चाकांच्या गाड्या शर्यतीत उतरवल्या. कॉसवर्थनेही एक बनवली, ती शर्यतीत उतरलीच नाही. इंजिनांची ताकद एकदम वाढली होती आणि मागची चाके ती पेलत नव्हती, म्हणून हा खटाटोप. पण त्याच सुमाराला गाड्यांवर पंख बसले. हवेच्या दाबाने मागच्या टायरवर वेगासोबत भार वाढू लागला, टायरही रुंद झाले. जे काम करायला पुढे शाफ्ट आणि गिअर घालायचे होते, ते काम जवळजवळ बिनवजनाच्या पंखाने केले. शिवाय चालकांना या गाड्यांचे जड, बोथट स्टिअरिंग सहन होईना. त्या वर्षीच्या कॅनडाच्या शर्यतीत जॉनी सर्व्होझ-गॅव्हाँ यांनी मात्राला सहावे स्थान मिळवून दिले. चार चाकांच्या गाडीला फॉर्म्युला वनमध्ये मिळालेला तो एकुलता एक गुण. 1983 पासून नियमानेच दोनपेक्षा अधिक चाकांना ताकद देणे बंद झाले.

रॅलीत चार चाकांवर चालणाऱ्या ऑडी क्वाट्रोने 1980च्या दशकात जे घडवले ते सर्वश्रुत आहे, आणि खडी-बर्फाच्या त्या कथेत इथे रेंगाळण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवतो की 1983 चे उत्पादकांचे जागतिक अजिंक्यपद मागच्या चाकांवर चालणाऱ्या लान्सिया 037ने क्वाट्रोच्या नाकावर टिच्चून मिळवले होते, आणि त्यात डांबरी रस्त्यांवरच्या रॅलींचा वाटा मोठा होता.

खरा रंगतदार अध्याय आहे तो बंद छताच्या गाड्यांच्या सर्किट शर्यतींचा. 1988 मध्ये ऑडी अमेरिकेच्या ट्रान्स-अॅम मालिकेत क्वाट्रो घेऊन आली, 13 पैकी 8 शर्यती जिंकली आणि हर्ली हेवूड अजिंक्य ठरले. लगेच त्या मालिकेत चार चाकांवर बंदी आली. जर्मनीच्या डीटीएम या टूरिंग कार मालिकेत 1990 आणि 1991 ची अजिंक्यपदे ऑडी व्ही8 क्वाट्रोची. ब्रिटिश टूरिंग कारमध्ये 1996 साली फ्रँक बिएला ए4 क्वाट्रोवर जिंकले. आयोजकांनी आधी वजन लादले, मग 1998 पासून दार बंद केले.

जपानमध्ये निसान स्कायलाइन जीटी-आर आर32ने तर कळस केला. 1990 ते 1993 या चार मोसमांत तिथल्या ग्रुप ए मालिकेच्या 29 पैकी 29 शर्यती तिने जिंकल्या. तिची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. एरवी ती मागच्या चाकांवरच चालते. मागची चाके घसरू लागली, की संगणक क्लच आवळून निम्म्यापर्यंत ताकद पुढे पाठवतो. वळणात शिरताना रिअर-व्हील ड्राइव्हची मोकळीक, बाहेर पडताना चार चाकांची ओढ. आजच्या बीएमडब्ल्यू एमपासून पोर्शे टर्बोपर्यंत बहुतेकांनी मागचा भाग प्रधान ठेवून गरजेपुरती पुढे ताकद देण्याचाच मार्ग धरला आहे.

हीच जीटी-आर ऑस्ट्रेलियात गेली आणि 1991, 1992 अशी दोन वर्षे बाथर्स्टची शर्यत जिम रिचर्ड्स आणि मार्क स्काइफ यांनी तिच्यावर जिंकली. 1992 चा शेवट मात्र विलक्षण होता. अखेरच्या टप्प्यात मुसळधार पाऊस आला तेव्हा आघाडीवरच्या जीटी-आरला कोरड्या ट्रॅकचे गुळगुळीत टायर होते. गाडी भिंतीला धडकली, मग आधीच अडकलेल्या इतर गाड्यांमध्ये जाऊन आदळली. शर्यत थांबवून आधीच्या लॅपचा निकाल धरला गेला आणि मोडकी जीटी-आर विजेती ठरली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पकड टायरची असते. ती रस्त्यावर उरलीच नाही, तर चारही चाकांना ताकद वाटून करायचे काय? पुढच्या वर्षीपासून तिथे व्ही8 इंजिनांच्या, मागच्या चाकांवरच्या गाड्यांचे युग आले.

या सगळ्या बंद्यांवरून अनेक जण एकच निष्कर्ष काढतात: ऑल-व्हील ड्राइव्ह इतकी वरचढ, की हरणाऱ्यांनी ती बंद पाडली. यात तथ्य आहे, पण अर्धेच. त्या गाड्या ज्यांच्याशी लढल्या त्यांना पंखांचा फारसा आधार नव्हता, टायरची रुंदी नियमाने बांधलेली होती आणि काही मालिकांत टर्बो इंजिनांची ताकद झपाट्याने वाढत होती. कमी पकड आणि जास्त ताकद या परिस्थितीत चार चाके जिंकणारच. खर्च हेही बंदीचे प्रामाणिक कारण होते. सगळ्या संघांनी तेवढी गुंतागुंत विकत घ्यायची म्हटली असती, तर छोटे संघ संपले असते. आजच्या जीटी3 वर्गात लॅम्बोर्गिनी उराकान आणि निसान जीटी-आर या रस्त्यावर चार चाकांवर चालणाऱ्या गाड्याही फक्त मागच्या चाकांवर धावतात, आणि शर्यती चुरशीच्या होतात.

मग नियमांचे बंधन नसलेल्या, दुकानात मिळणाऱ्या गाड्यांचे काय? जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंगवर 2017 मध्ये मागच्या चाकांच्या पोर्शे 911 जीटी2 आरएसने 6 मिनिटे 47.3 सेकंद नोंदवले. पुढच्या वर्षी चार चाकांची लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोर एसव्हीजे 6:44.97वर आली. 2020 मध्ये मागच्या चाकांच्या मर्सिडीज-एएमजी जीटी ब्लॅक सिरीजने त्याच 20.6 किलोमीटरच्या मोजमापात 6:43.616 काढले. विक्रम असा या हातातून त्या हातात जात राहिला.

त्याहून बोलका पुरावा 2025 चा आहे, कारण दोन्ही गाड्या एकाच घरच्या. शेव्हरले कॉर्व्हेट झेडआर1ला 1064 हॉर्सपॉवर आणि ते सगळे मागच्या चाकांना. झेडआर1एक्सला तेच इंजिन, वर पुढच्या अॅक्सलवर 186 हॉर्सपॉवरची विजेची मोटर, एकूण 1250. जनरल मोटर्सच्या स्वतःच्या अभियंत्यांनी त्या चालवल्या. झेडआर1ची वेळ 6:50.763, झेडआर1एक्सची 6:49.275. वीस किलोमीटरहून लांब लॅपमध्ये दीड सेकंदाचाही फरक नाही, तोही 186 हॉर्सपॉवर जास्त घेऊन. उभ्यापासून सुटायच्या शर्यतीत झेडआर1एक्स तिला सहज मागे टाकते. मोठ्या, वेगवान, कोरड्या ट्रॅकवर चार चाकांचा फायदा किती आक्रसतो, हे यातून मला जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही. अर्थात चालक वेगळे होते आणि एका लॅपवरून शेवटचा शब्द बोलू नये.

ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत हा हिशेब नियमावलीतच उतरला आहे. 2012 ते 2014 ऑडी आर18 ई-ट्रॉन क्वाट्रो, मग तीन वर्षे पोर्शे 919, मग टोयोटा. विजेत्या गाड्यांचे इंजिन मागची चाके फिरवी आणि ब्रेकिंगमध्ये साठवलेली वीज पुढची. 2021 मध्ये हायपरकार वर्ग आला, त्यात निव्वळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनाही जागा द्यायची होती. म्हणून पुढची मोटर ठरावीक वेगाखाली वापरायला मनाई झाली. टोयोटासाठी ती मर्यादा आधी ताशी 120 किलोमीटर होती, नंतर कोरड्या ट्रॅकवर 190 झाली. मंद वळणांतून बाहेर पडतानाचा फायदा काढून घेतला, की दोन्ही रचना एकत्र लढू शकतात, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले. तरीही पुढची मोटर असलेल्या फेरारी 499पीने 2023, 2024 आणि 2025 असे सलग तीन विजय मिळवले.

विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई मालिका याच्या उलट गेली. 2023 च्या फेब्रुवारीत हैदराबादला धावलेल्या गाड्यांना पुढे मोटर होती, पण ती फक्त ब्रेकिंगमध्ये वीज साठवण्यापुरती. पुढच्या सुधारित गाडीत, 2024-25 च्या मोसमापासून, शर्यतीची सुरुवात, पात्रता फेरीतील द्वंद्वे आणि अटॅक मोड (शर्यतीत थोडा वेळ मिळणारी जादा ताकद) एवढ्यापुरती चारही चाकांना ताकद मिळू लागली. रस्त्यांवर आखलेले अरुंद ट्रॅक, मंद वळणे, खोबणीचे टायर. अटॅक मोड घेतलेली गाडी तिथे एकामागून एक प्रतिस्पर्धी मागे टाकते. मुंबईच्या महिंद्राचा संघ या मालिकेत पहिल्या मोसमापासून आहे, त्यामुळे हे ज्ञान आपल्याकडेही साठत आहे. विजेच्या मोटारींमध्ये पुढे-मागे जोडणारा शाफ्टच लागत नाही. दर सेकंदाला अनेकदा प्रत्येक अॅक्सलचा जोर बदलता येतो, आणि ब्रेकिंगमधली बरीचशी ऊर्जा पुढच्या चाकांतूनच परत मिळते. जुन्या वादातला वजनाचा आक्षेप त्यामुळे निम्मा निकालात निघाला आहे.

आपल्या देशातल्या ट्रॅकवर परतू. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटच्या तिसऱ्या वळणाकडे पाहा: मंद, चढते, आणि पुढे एक किलोमीटरहून लांब सरळी. चार चाकांच्या ताकदवान गाडीने तिथे मिळवलेली आघाडी सरळीवर बराच वेळ टिकते. पण त्याच ट्रॅकच्या लांब, उजवीकडे वळत राहणाऱ्या दहाव्या-अकराव्या वळणात जड नाकाच्या गाडीचे पुढचे टायर कण्हू लागतात. 2017 मध्ये मागच्या चाकांच्या मर्सिडीज-एएमजी जीटी आरने तिथे 2 मिनिटे 10 सेकंदांच्या आत लॅप काढला होता. कोइम्बतूरचा कारी ट्रॅक छोटा आणि वळणावळणाचा, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा. दोन्ही ठिकाणी, चारशे हॉर्सपॉवरपर्यंतच्या गाडीसाठी, कोरड्यात मी हलकी रिअर-व्हील ड्राइव्ह निवडेन, तीही चांगल्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलसह. सहाशे-सातशे हॉर्सपॉवरच्या पुढे, किंवा पाऊस असेल तर कुठल्याही ताकदीला, मत चार चाकांच्या बाजूने.

आपली खरी अडचण निराळी आहे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 येईपर्यंत फियाट आणि अॅम्बॅसेडर या मागच्या चाकांच्या गाड्यांवर अख्खी पिढी शिकली. त्यानंतर सामान्य माणसाच्या आवाक्यातली जवळजवळ प्रत्येक कार पुढच्या चाकांवर आली. देशातल्या टूरिंग कार शर्यतीही त्यांच्याच. त्यामुळे आज कुणी थेट पाच-सहाशे हॉर्सपॉवरच्या रिअर-व्हील ड्राइव्हच्या स्टिअरिंगमागे बसतो, तेव्हा मागचा भाग सुटणे म्हणजे काय हे त्याच्या हातांनी कधी अनुभवलेलेच नसते. अशा चालकाने पहिल्या ट्रॅक-डेला ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली तर त्यात कमीपणा नाही. ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड आणि टायर यांवर खर्च मात्र आधी करावा.

आणि शिकायचेच असेल तर साखळीकराला चेन्नईपर्यंतही जावे लागत नाही. बेळगावमार्गे कोल्हापूर गाठले की मोहिते यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, जिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्टला मागचा अॅक्सल सलग असतो, डिफरन्शियल नसतो. आतले मागचे चाक किंचित उचलल्याशिवाय ती नीट वळतच नाही. स्टिअरिंग, ब्रेक आणि थ्रॉटल यांच्या मेळातून भार कुठे सरकतो हे तिथे कंबरेला कळते, आणि गाडी फिरली तरी नुकसान टायरच्या रबराचेच होते.